लाजर आजारी, मग मेला कसा?

भावा, रविवारी वाइल्डर चर्चच्या पायरीवर तू विचारलंस, हा आजार मरणाचा नाही असं येशू म्हणाला, मग त्याचा मित्र लाजर मेला कसा? ते बरोबरच आहे. बायबलातल्या योहानाच्या शुभवर्तमानात, 11:4 मध्ये येशू म्हणतो, हा आजार मरणासाठी नाही. आणि 14व्या वचनात लाजर मेला हे तोच सांगतो. पण 4थं वचन अर्धं सोडू नकोस, पुढं देवाच्या गौरवाचं आहे. मरण आलं, पण तिथं गोष्ट थांबली नाही, येशूनं लाजराला पुन्हा जिवंत केलं.

बायबलातल्याच याकोबाच्या पत्रातलं 5:15 मात्र मला अजून जड जातं. प्रार्थनेनं दुखणेकरी वाचेल म्हणे! इकडं प्रेषित पौल आपला सोबती त्रफिम याला मिलेत शहरात आजारीच ठेवून येतो. ‘वाचेल’ या शब्दाच्या मूळ ग्रीक क्रियापदात बरं करणं आणि तारणं, दोन्ही अर्थ आहेत. म्हणून हमीपत्रासारखं वाचू नकोस.

आईसाठी प्रार्थना कर. फ्रिजमधलं इन्सुलिनही वेळेवर दे.