एकुलती एक गाडी आणि बातलचा रस्ता

चिंचवडच्या एका वाचकाचं पत्र आलंय. वय ३८. नवरा-बायको दोघं मिळून महिन्याला १ लाख २० हजार घरात येतात. घराचा हप्ता ३४ हजार, घरखर्च ५२ हजार, एसआयपी १५ हजार. हाताशी ३ लाखांची मुदत ठेव. मुलगी चौथीत, आई-वडील सोबत. दारात २०१८ ची डिझेल एसयूव्ही, टू-व्हील ड्राइव्ह (ताकद दोनच चाकांना), घरातली एकमेव गाडी. ऑफ-रोडिंगच्या ग्रुपसोबत जुलैअखेर हिमाचलात शिमला, काझा, कुंझुम खिंड, बातल, मनाली अशी स्पितीची फेरी ठरली आहे. सात गाड्या, त्यातल्या सहा फोर बाय फोर, म्हणजे चारही चाकांना ताकद मिळणाऱ्या. सातवी यांची.

मागच्या पावसाळ्यात ताम्हिणीकडच्या एका चिखलवाटेत ही गाडी तीन तास रुतली होती. मित्राने दोर लावून खेचली, पुढचा बंपर हातात आला आणि ४२ हजारांचं बिल झालं. आता ग्रुपचा म्होरक्या म्हणतो, "तयारी करून ये." तयारीचं कोटेशन ३ लाख १० हजारांचं आहे: सस्पेन्शन दोन इंच वर, ऑल-टेरेन टायर, खालची लोखंडी प्लेट, रुतलेली गाडी दोरीने ओढून काढणारी विंच आणि ती बसवायला जाड बंपर, इंजिनाला उंचावरून हवा देणारा स्नॉर्केल. दुसरा पर्याय म्हणजे ही गाडी साडेचार लाखांना विकून साडेदहा लाखांची जुनी, तीन दरवाज्यांची फोर बाय फोर घेणे, मधल्या सहा लाखांसाठी कर्ज. तिसरा, ग्रुपमधल्या एकाची जादाची फोर बाय फोर रोज साडेचार हजार रुपये देऊन आठ दिवस वापरणे. चौथा पर्याय त्यांनी पत्राच्या शेवटी नाक मुरडत लिहिला आहे. एक मित्र एकटाच निघालाय आणि म्हणतोय, "माझ्या गाडीत बस." त्यावर वाचकाचा शेरा: "पण दुसऱ्याच्या गाडीत बसून कसली मजा?"

तुमचा प्रश्न असा की ठेव मोडून तयारी करावी, की कर्ज काढून गाडी बदलावी. माझ्या मते दोन्ही नको. चौथा पर्याय घ्या.

हे मी हौसेला नावं ठेवून म्हणत नाही. २०११ साली मी स्वतः लोणावळ्याहून राजमाचीला हॅचबॅक घेऊन गेलो होतो, चार जणांचं वजन आणि वर डबे-पाण्याचं सामान. एका दगडावर इंजिनखालचा ऑइलचा चेंबर फुटला. "खट" असा आवाज आला होता, पण गप्पांच्या नादात कोणी लक्ष दिलं नाही. ऑइल गळत राहिलं आणि मी अर्धा किलोमीटर तशीच चालवली. विमा कंपनीने चेंबरचे पैसे दिले, इंजिनचे नाही. दगड लागणं हा अपघात, पण ऑइल नसताना इंजिन चालवत राहिल्याने झालेलं नुकसान हे 'परिणामी नुकसान', ते पॉलिसीत बसत नाही. तेव्हा चिडलो होतो. नंतर पॉलिसी शांतपणे वाचली, तर तसंच लिहिलं होतं.

म्हणून आधी तुमच्या पॉलिसीकडे येतो, कारण तुमच्या पत्रात तिच्याबद्दल एकच वाक्य आहे: "इन्शुरन्स फुल आहे." सात-आठ वर्षं जुन्या गाडीला झिरो डेप (घसारा न कापण्याचं जोडकलम) मिळणं कठीण असतं, तुमचंही बहुधा नसावं. ते नसेल तर दाव्यात घसारा कापला जातो. प्लास्टिक, रबर, टायर आणि बॅटरीवर ५० टक्के, आणि पाच ते दहा वर्षांच्या गाडीच्या धातूच्या भागांवर ४० टक्के. समजा नाल्यात गाडी आपटली आणि ८० हजारांचं बिल झालं: ३० हजारांचं प्लास्टिक, ३० हजारांचं लोखंड, २० हजार मजुरी. प्लास्टिकचे १५ हजार मिळतील, लोखंडाचे १८, मजुरी पूर्ण. बेरीज ५३ हजार, त्यातून सक्तीची वजावट एक हजार (इंजिन १५०० सीसीच्या वर असेल तर दोन). म्हणजे २८ हजार तुमच्या खिशातून. वर नो क्लेम बोनस, म्हणजे दावा न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट, शून्यावर. तुमचा तो ५० टक्क्यांवर असेल, तर पुढच्या वर्षी ओन डॅमेजचा (स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा) हप्ता दुप्पट भरावा लागेल. ताम्हिणीचे ४२ हजार तुम्ही दावा न करता भरलेत ते बहुतेक ह्याच हिशेबाने.

शिवाय क्लच. टू-व्हील ड्राइव्ह गाडी सुट्या गोट्यांवर चढवताना अर्ध्या क्लचवर घासावी लागते आणि क्लचप्लेट जळते. ती झीज म्हणून मोजली जाते, विम्यात नाही. नाल्यात पाणी इंजिनात शिरलं आणि तुम्ही पुन्हा सेल मारला, तर इंजिन प्रोटेक्टचं जोडकलम नसताना एक रुपयाही मिळणार नाही.

टोचन करून आणायचं झालं तर? सर्वसाधारण खासगी कारच्या पॉलिसीत अपघातानंतर गाडी जवळच्या गॅरेजपर्यंत नेण्याचा खर्च १,५०० रुपयांपर्यंत मिळतो. बातलहून मनालीला त्या पैशात गाडी कोण आणेल? रोडसाइड असिस्टन्सच्या अटी जरूर वाचा. रस्ता सोडून गेलेली गाडी आणि ठरावीक अंतरापलीकडचं ठिकाण बहुतेकदा तिथेच वगळलेलं असतं.

आता ३ लाख १० हजारांचं कोटेशन. त्यात पुढच्या दोन चाकांची ताकद मागच्या दोन चाकांना पोहोचवणारं काहीही नाही. उंची वाढेल, टायर चांगले येतील, पण लो-रेशो गिअर, म्हणजे हळू पण जास्त जोराने ओढणारा, येणार नाही. मनालीच्या बाजूचं ग्राम्फू ते बातल हा पन्नासेक किलोमीटरचा तुकडा दगडगोट्यांचा आणि नाल्यांचा आहे. ऊन चढलं की वरचं बर्फ वितळतं आणि सकाळी घोट्याएवढं असलेलं पाणी दुपारी गुडघ्यावर जातं. तिथे गाडीला हळू आणि सतत जोर लागतो. तुमची गाडी मात्र वेग घेऊन उडी मारणार, आणि चेंबर फुटतात ते त्याच उडीत.

कायद्याची बाजूही आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे उत्पादकाने ठरवलेल्या रचनेत मूलभूत बदल करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये ते स्पष्ट केलं. खासगी गाड्यांच्या पुढच्या लोखंडी गार्डवर कारवाई करा असं केंद्राने डिसेंबर २०१७ मध्येच राज्यांना कळवलं होतं. विंचचा बंपर त्यातच मोडण्याची शक्यता मोठी आहे. रस्त्यावर अशा गाड्या सर्रास दिसतात, मान्य. पण दाव्याच्या वेळी सर्व्हेअर फोटो काढतो, तेव्हा "सगळेच लावतात" हे उत्तर चालत नाही. आणि गाडी विकताना ह्या तीन लाखांतले तीस हजारही परत येतील का, शंका आहे. उलट गिऱ्हाईक विचारेल, "ट्रेलला नेली होती का?"

कर्जाचा हिशेब सोपा आहे. सहा लाख, १३ टक्के दर, पाच वर्षं: हप्ता साधारण १३,६५० आणि एकूण व्याज २ लाख १९ हजार. तुमच्या पत्रातले सगळे आकडे वजा केले तर महिन्याला १९ हजार उरतात. त्यातले १३,६५० ह्या हप्त्यात गेले की उरले सव्वापाच हजार. त्यात शाळेची फी, दिवाळी, वडिलांचं औषधपाणी. तीन दरवाज्यांच्या चार सीटर गाडीत वडील मागे कसे चढणार, हेही घरी एकदा विचारा. मी विचारलं असतं तर आमच्याकडे विषय तिथेच संपला असता.

तिसरा पर्याय स्वस्त दिसतो. आठ दिवसांचे ३६ हजार. पण ती पांढऱ्या नंबरप्लेटची खासगी गाडी आहे. खासगी गाडीच्या पॉलिसीत भाड्याने वापर सरळ वगळलेला असतो. तेलाचे पैसे मित्रांनी वाटून घेणं वेगळं आणि रोजाने भाडं देणं वेगळं. नाल्यात नुकसान झालं तर मित्राशी वाद होईल. रस्त्यात कोणाला धडक बसली तर त्याहून वाईट, कारण तेव्हा रकमा लाखांत असतात आणि विमा कंपनी हात वर करू शकते. मैत्री टिकवायची असेल तर हा व्यवहार करू नका.

माझा मुख्य मुद्दा वेगळाच आहे. ग्रुपमधल्या इतर सहा जणांपैकी किती जणांची ट्रेलची गाडी हीच घरातली एकमेव गाडी आहे? तुमच्या पत्रातच दिसतं की दोघांकडे दुसरी आहे. त्यांची बातलला मोडली तरी सोमवारी मुलं शाळेत जातात, आई डायलिसिसला जाते. तुमची मोडली तर घर अडतं. म्हणून त्यांच्या खर्चाशी तुमचा खर्च जुळवू नका, तो जुळणारच नाही. बिलाशिवाय महिनाभर कॅब, पार्ट येईपर्यंत मनालीच्या गॅरेजात अडकलेली गाडी आणि ती आणायला पुन्हा एक फेरी, हेही तुमच्याच खात्यावर पडणार. जुलै २०२३ मध्ये अवेळी बर्फ पडून शेकडो पर्यटक बातलजवळच्या चंद्रताल तलावापाशी कित्येक दिवस अडकले होते. त्यांच्या गाड्यांत दणकट गाड्याही होत्याच. तुमच्याकडे शिल्लक रजा किती आहेत ते लिहिलेलं नाही.

आणि ताफ्यातली कमजोर गाडी फक्त स्वतःचा खर्च वाढवत नाही. तुम्हाला खेचताना मित्राचा क्लच जळला किंवा विंचची दोरी तुटली, तर पैसे कोण देणार? नियम लिहिलेला नसतो, पण सभ्य माणूस स्वतःहून देतो. तुम्ही द्याल असं पत्रावरून वाटतं. ते पैसे कोणत्या कोटेशनमध्ये धरलेत? जाता जाता एक सांगतो. पुढच्या बंपरला आटे फिरवून बसवायचा जो हूक असतो तो सपाट रस्त्यावर टोचन करण्यासाठी असतो, झटका देऊन खेचण्यासाठी नाही. ताम्हिणीला बंपर सुटला ते स्वस्तात सुटलं. तुटलेला हूक दोराच्या टोकाला बांधलेला गोळा होतो आणि समोरच्या गाडीची काच फोडून आत शिरतो.

तेव्हा मित्राच्या शेजारी बसा. डिझेल अर्धं-अर्धं. पुणे-मनाली येऊन-जाऊन आणि स्पिती धरून सुमारे ४,८०० किलोमीटर. लिटरला १४ चं सरासरी धरलं तर ३४० लिटरच्या आसपास, नव्वदच्या दराने ३१ हजार, तुमचा वाटा साडेपंधरा. राहणं-खाणं मिळून ४० हजारांत सहल होईल, आणि ती बोनसमधून करा, ठेवीला हात न लावता. टोलसाठी मित्राने फास्टॅगचा वार्षिक पास काढला आहे का विचारा. राष्ट्रीय महामार्गांवर तो चालतो, आपल्या पुणे-मुंबई एक्सप्रेसवेवर नाही. शिवाय चाक तुमच्या हातात येणारच नाही असं थोडंच आहे? मित्राची गाडी, मित्राची परवानगी, तुमच्याकडे लायसन्स. कुंझुमनंतरच्या उताराला लो-रेशोत गाडी कशी चालते ते एकदा स्वतः अनुभवा. पुढे गाडी घ्यायची की नाही, हे त्या दोन तासांत जास्त कळेल.

स्वतःचीच गाडी न्यायची असा हट्ट असेल, तर किन्नौरच्या बाजूने काझापर्यंत न्या आणि त्याच रस्त्याने परत या. तिथेही दरडी कोसळतात, पण कुंझुमच्या बाजूसारखे नाले ओलांडत जावं लागत नाही. ग्रुपला सप्टेंबर सुचवून पाहा, पाणी तेव्हा उतरलेलं असतं.

फोर बाय फोर मात्र तुमच्या नशिबात नाही असं नाही. दोन वर्षं थांबा. पण त्याआधी एक गोष्ट, जी वाचून मला जास्त काळजी वाटली: तुमचा आयुर्विमा फक्त नोकरीच्या कंपनीचा ग्रुप कव्हर. घरकर्ज, मुलगी, आई-वडील, आणि हौस नाल्यात गाडी घालायची! गाडीच्या पॉलिसीतला मालक-चालकाचा १५ लाखांचा अपघात विमा घरकर्जापुढे किती पुरणार? या महिन्यात एक कोटीचा साधा टर्म प्लॅन घ्या. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आयुर्विम्याच्या हप्त्यावर जीएसटी नाही. अर्जात साहसी छंदांबद्दल विचारलं तर लपवू नका.

त्याचा हप्ता महिना दीड हजाराच्या घरात धरला तर १९ पैकी १७,५०० उरतात. साडेसात हजार संकटकाळच्या ठेवीत घाला. आता ती ३ लाख आहे आणि घरखर्च व हप्ता मिळून ८६ हजार लागतात, म्हणजे साडेतीन महिन्यांची सोय. सहा महिन्यांची व्हायला ५ लाख १६ हजार लागतील, व्याज धरून दोन वर्षांत तिथवर पोहोचाल. उरलेले दहा हजार आवर्ती ठेवीत, शेअर बाजारात नाही, कारण दोन वर्षांनी हे पैसे लागणार आहेत. अडीच लाखांच्या वर जमतील. मग कर्ज सहा लाखांचं लागणार नाही.

ह्या आठवड्यात विमा कंपनीला ईमेल करून दोन गोष्टी विचारा: तुमच्या गाडीच्या वयाला इंजिन प्रोटेक्ट मिळेल का, आणि रोडसाइड असिस्टन्स कोणत्या रस्त्यांवर लागू आहे. उत्तर लेखी मागा, फोनवरचं नको. आणि मित्राला आजच होकार कळवा, त्याच्या शेजारच्या सीटवर दुसऱ्या कोणाचा डोळा असेल.