हार्मोनच्या औषधांचं पॅकेज आधीच घ्यावं का?

प्रश्न: आयव्हीएफसाठी पुढच्या महिन्यात माझं एग पिकअप (अंडाशयातून अंडी काढणं) आहे. त्यानंतरच्या हार्मोन सपोर्टची दहा आठवड्यांची औषधं एकदम घेतली तर क्लिनिक २० टक्के सवलत देतंय. पैसे परत मिळणार नाहीत. त्यासाठी मुदत ठेव मोडू का?

उत्तर: मोडू नका. औषध अनावश्यक आहे म्हणून नव्हे, ते लागतंच. उत्तेजनाच्या इंजेक्शनांनी एकाच वेळी बरीच अंडी वाढतात, हार्मोनची पातळी नेहमीपेक्षा खूप वर जाते आणि मेंदूकडून येणारा एलएच या हार्मोनचा इशारा दबतो. मग पिकअपनंतर शरीराचं स्वतःचं प्रोजेस्टेरॉन, म्हणजे गर्भ टिकवणारं हार्मोन, लवकर घसरतं. म्हणून त्याच महिन्यात ट्रान्सफर, म्हणजे भ्रूण गर्भाशयात सोडणं, असेल तर ते बाहेरून द्यावं लागतं. यात काटकसर नको.

प्रश्न आहे तो दहा आठवड्यांचा. पिकअपपासून साधारण दोन आठवड्यांनी बीटा एचसीजीची, म्हणजे गर्भ राहिला का हे सांगणारी रक्ताची तपासणी होते. ती निगेटिव्ह आली की औषध बंद. आता हिशेब करा. आठवड्याचा खर्च १ धरला तर पॅकेज ८ ला पडतं. टप्प्याटप्प्याने घेतलं तर निगेटिव्ह आल्यास २, पॉझिटिव्ह येऊन पूर्ण चाललं तर १०. पॉझिटिव्हची शक्यता ७५ टक्क्यांहून जास्त असेल तरच पॅकेज परवडतं. एका ट्रान्सफरला इतकी खात्री कुठला प्रामाणिक डॉक्टर देईल? त्यातून काही डॉक्टर पॉझिटिव्ह आल्यावरही औषध लवकर थांबवतात, कारण गरोदरपणाच्या आठव्या-नवव्या आठवड्याच्या सुमारास नाळ स्वतः प्रोजेस्टेरॉन तयार करू लागते. ठेव मोडल्याने बुडणारं व्याजही त्या २० टक्क्यांतून वजा करा. सवलतीचा आकडा मोठ्या अक्षरात छापलेला असतो, हा नसतो.

आणखी एक शक्यता आहे. अंडाशय फार सुजण्याचा धोका दिसला तर सगळे भ्रूण गोठवतात. मग ट्रान्सफर पुढच्या एखाद्या महिन्यात, आणि पिकअपनंतर हा सपोर्ट लागतच नाही. पुढच्या ट्रान्सफरच्या वेळी औषधं वेगळी असू शकतात: इस्ट्रोजेनसुद्धा लागेल, योनीमार्गात घ्यायच्या प्रोजेस्टेरॉन जेलऐवजी किंवा जेलसोबत इंजेक्शन येईल. गोठवलेल्या भ्रूणासाठी गर्भाशयाचं अस्तर औषधांनी तयार केलं असेल तर नुसतं योनीमार्गातलं प्रोजेस्टेरॉन अपुरं पडू शकतं, असं एका मोठ्या चाचणीत दिसलंय. त्यामुळे स्वस्त पडतं म्हणून प्रकार स्वतः बदलू नका.

भ्रूण गोठवले तर पॅकेजचं काय, हे क्लिनिककडून लेखी घ्या. ‘बघू तेव्हा’ असं उत्तर आलं, तर विषय संपला.

सध्या फक्त तपासणीपर्यंतची औषधं घ्या, वर चार-पाच दिवसांची जास्त. पॉझिटिव्ह आल्यावर धावपळीत डोस चुकायला नको. उरलेल्या आठ आठवड्यांचे पैसे बचत खात्यात जमवायला आजपासूनच लागा. मुदत ठेव दुसऱ्या ट्रान्सफरसाठी राहू द्या.