रॉमध्ये जायचंय, पण बी.ए. की बी.ई.?

ताई, मी बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातली. सेकंड पीयूसी (बारावी) सायन्सला आहे, पण जीव रमतो इतिहासात आणि भाषांत. मला रॉ (परदेशातली माहिती काढणारं गुप्तचर खातं) किंवा आयबीत (देशातलं गुप्तचर खातं) जायचंय. इन्स्टावर 'फ्युचर रॉ एजंट' लिहिलंय म्हणून भाऊ चिडवतो. बाबा म्हणतात, खूळ सोड, बी.ई. कर. बेळगावात एक जण 'इंटेलिजन्स'चा डिप्लोमा देतो, फी लाखभर. पदवीला मेजर-मायनर, म्हणजे मुख्य आणि दुय्यम विषय, कुठले घेऊ?

अगं, आधी ते लाख रुपये वाचव. आयबीच्या एसीआयओ (एक्झिक्युटिव्ह), म्हणजे सहायक गुप्तचर अधिकारी, या पदाला कुठल्याही शाखेची पदवी चालते, वय 18 ते 27. डिप्लोम्याचे तिथे जादा गुण नाहीत. रॉची तर अशी उघड परीक्षाच नसते. अधिकारी बरेचसे आयपीएससारख्या सेवांतून जातात. तेव्हा यूपीएससी आणि आयबी दोन्हीकडे कामी येतील असेच विषय बघ.

मेजर-मायनर हे कोल्हापूरकडचं, म्हणजे महाराष्ट्रातलं बोलणं. कर्नाटकाने 2024-25 पासून चार वर्षांची पदवी मागे घेतली. आपल्याकडे पुन्हा तीन वर्षं, तीन विषय. इतिहास, अर्थशास्त्र, राज्यशास्त्र हा एचईपीचा गट मिळाला तर डोळे झाकून घे. गणिताच्या भीतीने मुली अर्थशास्त्र सोडतात, तीच मोठी चूक. इतिहास घरी वाचता येतो. हवाला आणि बनावट नोटांचा माग काढायला पैसा कसा फिरतो ते शिकावंच लागतं.

आता कन्नड. बाजारात बोलतेस, पण पेपर वाचता येतो का? आयबीच्या सिक्युरिटी असिस्टंटच्या भरतीत ज्या राज्यासाठी अर्ज करशील त्या राज्याचं अधिवास प्रमाणपत्र आणि स्थानिक भाषा दोन्ही मागतात. शिकायला कोल्हापूरला गेलीस म्हणून अधिवास बदलत नाही, आणि सीमाभागातल्या 865 गावांना महाराष्ट्र देतो ती सवलत त्याच्या स्वतःच्या भरतीपुरती, केंद्राच्या नाही. परदेशी भाषेची खरंच ओढ असेल तर सीयूईटी ही प्रवेश परीक्षा देऊन दिल्लीच्या जेएनयूत चिनी, फारसी किंवा पश्तो घे. मात्र दिल्लीचा खर्च बाबांसमोर आधीच मांड.

एसीआयओची पहिली पायरी 100 प्रश्न, एक तास. चुकलं की पाव गुण कापतात. मराठी माध्यमाची मुलं अडकतात ती पुढच्या 50 गुणांच्या लेखी पेपरला, कारण त्यात इंग्रजी आकलनाचे प्रश्न असतात. आठवड्याला दोन निबंध हाताने, घड्याळ लावून लिही. शेवटी मुलाखत, 100 गुणांची.

बाबाही अगदी चुकलेले नाहीत. आयबीची एसीआयओ (टेक्निकल) भरती 'गेट' या इंजिनिअरिंगच्या परीक्षेच्या गुणांवर होते, पण पेपर कॉम्प्युटर सायन्स किंवा इलेक्ट्रॉनिक्स-कम्युनिकेशनचाच लागतो. मेकॅनिकल, सिव्हिलवाल्यांना ही वाट बंद. एक्झिक्युटिव्ह मात्र त्यांनाही खुलं. गणित सोडवताना कंटाळा येत नसेल तर कॉम्प्युटर किंवा इलेक्ट्रॉनिक्सची ब्रँच घेऊन बाबांशी तडजोड कर. येत असेल तर सरळ बी.ए.; रडत केलेली बी.ई. गेटला टिकत नाही.

एक गोष्ट आपल्या भागापुरती. 1 नोव्हेंबरला, कर्नाटकाच्या स्थापना दिनी, सीमाभागातले मराठी लोक काळा दिन पाळतात; त्याच्या फेरीत गेल्यावर एखादा गुन्हा नोंदला गेला असेल, तर पडताळणीच्या फॉर्मवर तो लिही. लपवलेली केस नंतर सापडली तर निवड रद्द होऊ शकते. शाळेचा दाखला, आधार, मार्क्सकार्ड यांवर नावाचं स्पेलिंग एकच आहे का, तेही बघ. कन्नडमधून इंग्रजीत उतरवताना ते हमखास बदलतं.

आणि इन्स्टावरची ती ओळ आज रात्रीच काढ. कुणी विचारलं तर 'यूपीएससी करतेय' म्हण.