एसीचा नवा गॅस, जुना गॅस आणि तुमचे प्रश्न

उन्हाळा तोंडावर आला की या सदराकडे येणाऱ्या पत्रांचा विषय आपोआप ठरतो. यंदा मात्र ‘किती टनाचा घेऊ’ हा नेहमीचा प्रश्न मागे पडला आणि गॅसची, म्हणजे एसीच्या नळ्यांतून फिरून खोली थंड करणाऱ्या वायूची, विचारणा पुढे आली. सारख्या आशयाची पत्रं एकत्र करून उत्तरं देतो आहे.

प्रश्न : दुकानदार म्हणतो, आर-३२ गॅसचाच एसी घ्या, तो पर्यावरणपूरक आहे. आमचे मेहुणे म्हणतात, तोही लवकरच बंद होणार, पैसे वाया जातील. दुसऱ्या दुकानात आर-४१०ए चा जुना साठा सवलतीत मिळतोय. काय करावं? (नागपूर)

आर-३२ घ्या आणि सवलतीचा मोह सोडा. मेहुण्यांचं म्हणणं अगदीच निराधार नाही, पण त्यावरून खरेदी अडवण्याचं कारण नाही.

जुन्या एसीतला आर-२२ ओझोनचा थर विरळ करायचा, म्हणून १९८७ च्या माँट्रियल कराराखाली पुढे त्यालाही टप्प्याटप्प्याने बाहेरची वाट दाखवली गेली. त्याच्या जागी आर-४१०ए आला. तो ओझोनला धक्का लावत नाही, पण हवेत सुटला तर तापमान वाढवण्यात आर-२२ च्याही वरताण. एक किलो आर-४१०ए सुटणं म्हणजे २,०८८ किलो कार्बन डायऑक्साइड सोडण्यासारखं. आर-३२ चा हाच आकडा ६७५ आहे आणि आर-२९० चा, म्हणजे शुद्ध प्रोपेनचा, जेमतेम ३. गंमत अशी की आर-४१०ए मध्ये निम्मा आर-३२ च असतो. उरलेला निम्मा आर-१२५ हा खरा उपद्व्यापी, त्याचा एकट्याचा आकडा ३,५००. तो असतो आग लागू नये म्हणून. तो काढला की तापमानवाढ घटते आणि ज्वलनशीलता थोडी वाढते. नव्या गॅसांचा सगळा झगडा या एका देवाणघेवाणीचा आहे.

२०१६ मध्ये रवांडातल्या किगालीत आर-४१०ए, आर-३२ सारख्या गॅसांना आवर घालणारी दुरुस्ती माँट्रियल करारात झाली, भारताने ती २०२१ मध्ये स्वीकारली. आपलं वेळापत्रक असं: २०२८ मध्ये वापर गोठवायचा, २०३२ पर्यंत १० टक्के कपात, २०३७ पर्यंत २०, २०४२ पर्यंत ३० आणि २०४७ पर्यंत ८५ टक्के. ही मोजणी किलोत होत नाही, त्या त्या गॅसच्या तापमानवाढीच्या आकड्याने गुणून होते. त्यामुळे चिमटा आधी आर-४१०ए ला बसणार, आर-३२ ला बऱ्याच उशिरा. तुम्ही आज घेतलेला एसी त्याच्या आधीच भंगारात गेलेला असेल. सवलतीतल्या एसीला मात्र पाच-सात वर्षांनी गॅस महाग पडू शकतो.

आता ‘पर्यावरणपूरक’ या स्टिकरबद्दल. दीड टनाचा चांगला पंचतारांकित इन्व्हर्टर एसी वर्षाला १,६०० तास चालला तर साधारण ८०० युनिट वीज घेतो. आपल्या ग्रिडवर युनिटमागे सुमारे ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड धरला, तर वर्षाचे ५६० किलो झाले. आर-४१०ए च्या एसीत १.२ किलो गॅस असेल आणि तो सगळा एकदा उडून गेला, तर अडीच टन, म्हणजे साडेचार वर्षांच्या विजेइतकं नुकसान एका दिवसात. आर-३२ चा ९०० ग्रॅम उडाला तर सुमारे ६०० किलो, एका वर्षाच्या विजेइतकं. पण हे उडाला तर. नळीत बंद असलेला गॅस कोणताही असो, तो कोणाचं काही बिघडवत नाही. म्हणून स्टिकर बघून झालं की तारे बघा, आणि त्याहून जास्त लक्ष एसी बसवणाऱ्याच्या हातांकडे द्या.

प्रश्न : नवे गॅस पेट घेतात म्हणे. आमच्या १० बाय १२ च्या खोलीत देवघरही आहे, संध्याकाळी निरांजन लावतो. लहान बाळ त्याच खोलीत झोपतं. भीती वाटते. (ठाणे)

पेट घेतात, पण कसे ते आकड्यांनी पाहू. तुमची खोली साडेनऊ फूट उंच धरली तर तिच्यात सुमारे ३२ घनमीटर हवा आहे. आर-३२ ला पेटायला दर घनमीटरमागे किमान ३०७ ग्रॅम गॅस लागतो. एसीतला सगळाच्या सगळा ९०० ग्रॅम खोलीत पसरला तरी घनमीटरमागे २८ ग्रॅम होतो, गरजेच्या दहाव्या हिश्शाहूनही कमी. शिवाय त्याची ज्योत मंद सरकते. म्हणून त्याला ‘सौम्य ज्वलनशील’ गटात टाकलंय.

आर-२९० चा स्वभाव वेगळा. त्याला घनमीटरमागे ३८ ग्रॅम पुरतात. दीड टनाच्या आसपासच्या एसीत तो साधारण ३५० ग्रॅम असतो, म्हणजे तुमच्या खोलीत घनमीटरमागे ११ ग्रॅम. मर्यादेच्या पाव हिश्शाहून थोडा जास्त. हेही सरासरीने. प्रत्यक्षात हे सगळे गॅस हवेपेक्षा जड, ते खाली जमिनीलगत साचतात. म्हणून कंपन्या आपल्या पुस्तिकेत खोलीचं किमान क्षेत्रफळ छापतात. ते पान कोणी वाचत नाही. तुम्ही वाचा. एक टन पुरत असताना दोन टनाचा एसी छोट्या खोलीत कोंबू नका.

निरांजन एसीच्या थेट खाली नको, एवढं पाळा. आणि तुमच्या स्वयंपाकघरातला फ्रीज गेल्या काही वर्षांतला असेल तर त्याच्या पाठीमागचं लेबल वाचून या. बहुधा आर-६००ए लिहिलेलं असेल, म्हणजे आयसोब्युटेन, तोही पूर्ण ज्वलनशील. ५०-६० ग्रॅमच असतो, म्हणून निमूट नांदतो.

आर-२९० चा विषय निघालाच आहे तर सांगतो. भारतात या गॅसचे घरगुती एसी २०१२ मध्ये गोदरेजने आणले, आणि ते आपल्या सातारा जिल्ह्यातल्या शिरवळच्या कारखान्यात बनले. जगातही तेव्हा हे धाडसच होतं. पुढे बाजार आर-३२ कडे वळला. जपानच्या डायकिन कंपनीने त्याचे बरेच पेटंट विकसनशील देशांना २०११ मध्ये आणि जगभर २०१५ मध्ये मोफत खुले केले, हे त्यामागचं एक मोठं कारण. माझं वैयक्तिक मत विचाराल तर छोट्या एसीत आर-२९० हाच शेवटचा मुक्काम आहे, पण आपल्याकडची सर्व्हिसची शिस्त आज त्याच्या लायकीची नाही.

प्रश्न : घरचा स्प्लिट एसी जुना, आर-२२ चा. मेकॅनिक म्हणतो आर-२२ बंद झाला, ‘एचसी गॅस’ भरून देतो, थंडावाही जास्त मिळेल. भरू का? (कोल्हापूर)

नको. अजिबात नको.

आर-२२ ‘बंद झाला’ हे अर्धसत्य आहे. आपल्याकडे ३१ डिसेंबर २०२४ नंतर तो नवी यंत्रं बनवताना वापरता येत नाही. चालू यंत्रांच्या दुरुस्तीसाठी तो कमी होत होत का होईना, मिळतो. करारानुसार २०३० पर्यंत सगळी कपात आणि त्यानंतर २०४० पर्यंत फक्त दुरुस्तीपुरता किंचित वाटा, असं ठरलंय.

‘एचसी गॅस’ म्हणजे प्रोपेन किंवा प्रोपेन-ब्युटेनचं मिश्रण. थंडावा मिळतो हे खरं आहे, म्हणूनच हा उद्योग चालतो. पण तुमच्या एसीचे रिले, टर्मिनल, फॅनची मोटर यांतलं काहीच ज्वलनशील गॅस गृहीत धरून बनवलेलं नाही. कॉम्प्रेसरच्या, म्हणजे गॅस दाबणाऱ्या पंपाच्या, टर्मिनलवर एक ठिणगी पुरे. काही महाभाग तर स्वयंपाकाच्या सिलिंडरमधूनच भरतात. त्यात ओलावा असतो, ब्युटेनचं प्रमाण बेभरवशाचं, आणि गळती कळावी म्हणून घातलेला गंधकाचा वास. उलट शीतकरणाच्या दर्जाच्या प्रोपेनला वास नसतो, म्हणजे गळला तर नाकाला कळतही नाही. आणि पुढच्या वर्षी येणाऱ्या दुसऱ्या मेकॅनिकला पत्ताच नसतो की आत काय आहे. तो निवांत ब्रेझिंगचा, म्हणजे नळ्या डाख देऊन जोडण्याचा, टॉर्च पेटवतो.

आर-३२ किंवा आर-४१०ए सुद्धा त्यात चालणार नाही. त्यांचा दाब आर-२२ च्या दीडपटीहून जास्त. आधी गळती शोधून घ्या. नळीच्या जोडावर असेल तर दुरुस्त करून आर-२२ च भरा. कॉइलच, म्हणजे पापुद्र्यांमधून फिरणाऱ्या नळ्यांची जाळीच, सडली असेल तर त्या एसीला निरोप द्या.

प्रश्न : आमच्याकडे दर मार्चमध्ये एसीत गॅस भरावा लागतो. एसी चार वर्षांचा आहे. नवे गॅस लवकर संपतात का? (मालवण, पणजी आणि वसईहूनही हेच)

गॅस संपत नाही. तो पेट्रोलसारखा जळून जाणारा माल नव्हे, एकदा भरला की यंत्राच्या आयुष्यभर तोच फिरत राहायला हवा. दर वर्षी भरावा लागतो याचा अर्थ दर वर्षी तो तुमच्या अंगणात सुटतो, आणि तुम्ही त्याचे पैसे मोजता.

पहिली जागा, फ्लेअर नट. आउटडोर युनिटच्या बाजूचं झाकण काढलं की एक बारीक आणि एक जाड अशा दोन तांब्याच्या नळ्या पितळी नटांनी जोडलेल्या दिसतील. नटाभोवती तेलकट, धूळ चिकटलेला काळसर डाग दिसला तर गळती तिथेच. गॅसबरोबर कॉम्प्रेसरचं तेलही पाझरतं आणि धूळ धरून ठेवतं. साबणाचा फेस लावला की बुडबुडा येईल, पण सावकाश. मिनिटभर नजर न हलवता बघावं लागतं. हे बहुतेकदा बसवणाऱ्याचं पाप. नळीचं तोंड नीट फाकवलेलं नसतं, किंवा नट ‘अंदाजाने’ आवळलेला असतो. जास्त आवळला तरी तोंड चिरतं.

दुसरी जागा तुमच्या किनारपट्टीची खास, कॉइल. खारी हवा ॲल्युमिनियमच्या पापुद्र्यांना खाते. पांढरी भुकटी दिसते, बोट लावलं की ते कुसकरतात. खाडीलगत किंवा सांडपाण्याच्या नाल्याजवळ घर असेल तर हायड्रोजन सल्फाइडने तांबं काळं पडतं आणि त्याला सुईच्या टोकाएवढी छिद्रं पडतात. इनडोअर कॉइलला हा त्रास जास्त. तिथे जोडकाम टिकत नाही. एक छिद्र बुजवलं की महिन्याभरात शेजारी दुसरं. कॉइल बदलणं हाच उपाय, आणि नवी घेताना गंजरोधक लेप असलेलीच मागा. आउटडोर युनिट समुद्राच्या थेट वाऱ्यापासून भिंतीआड लावा आणि पावसाळा संपल्यावर गोड्या पाण्याने हलक्या धारेने धुवा.

आणखी एक शक्यता, गॅस कमी नसेलच. फिल्टर धुळीने भरला की कॉइलवर बर्फ धरतो आणि थंडावा घटतो. ते बघून ‘गॅस कमी आहे’ सांगणं सोपं असतं. इन्व्हर्टर एसीत नुसता दाब बघून गॅसचा खात्रीचा अंदाज येत नाही, कारण कॉम्प्रेसरचा वेग सतत बदलतो. खात्रीचा मार्ग एकच: सगळा गॅस काढून घेणं, नायट्रोजनच्या दाबाने गळती तपासणं, व्हॅक्यूम पंपाने आत पूर्ण निर्वात करणं, आणि प्लेटवर छापलेल्या वजनाइतका गॅस काट्यावर मोजून भरणं. मेकॅनिकच्या पिशवीत वजनकाटा नसेल तर त्याला चहा पाजून परत पाठवा.

प्रश्न : मुलाच्या घरी सेंट्रल एसी आर-४१०ए चा आहे. कंत्राटदार म्हणतो, आता आर-४५४बी शिवाय काही मिळणार नाही, सगळं बदला. खरं का? (न्यू जर्सीहून, मुक्काम सहा महिने)

चालू यंत्र बदलायची सक्ती नाही. अमेरिकेत १ जानेवारी २०२५ पासून ७०० च्या वरच्या तापमानवाढीच्या आकड्याच्या गॅसची नवी घरगुती यंत्रं बनवायला बंदी आली, म्हणून नवीन घेताना आर-४५४बी (त्याचा आकडा ४६६) किंवा आर-३२ यांतलं एक मिळेल. जुन्याची दुरुस्ती आर-४१०ए नेच करायची. आर-४५४बी जुन्यात भरता येत नाही. कॉम्प्रेसर किंवा कॉइल गेली असेल तरच पूर्ण बदलण्याचा हिशोब मांडा.

प्रश्न : घर बदललं. एसी काढताना कारागिराने नट सैल करून गॅस फुस्सकन सोडून दिला, वर म्हणाला ‘तिकडे नवीन भरू’. असंच करतात का? (पिंपरी)

असंच करतात, पण तसं करायचं नसतं. एसी काढताना गॅस आउटडोर युनिटमध्येच कोंडता येतो, त्याला ‘पंप डाउन’ म्हणतात. एसी कूलिंगवर चालू ठेवून बारीक नळीचा व्हॉल्व्ह बंद करायचा, गेजचा काटा शून्याजवळ आला की जाड नळीचा बंद करायचा आणि लगेच एसी बंद. दहा-पंधरा मिनिटांचं काम आहे, आणि एक पैशाचाही नवा गॅस लागत नाही. एक धोका मात्र कारागिराला माहीत हवा. कॉम्प्रेसर चालू असताना नळी सोडली तर हवा आत ओढली जाते आणि तेल-हवेचं मिश्रण दाबाखाली फुटतं. यात माणसं जखमी झालेली आहेत.

पुढच्या वेळी काम ठरवतानाच ‘पंप डाउन करणार ना?’ असं विचारा. आणि एसी भंगारात देताना भंगारवाल्याला नळी कापू देऊ नका. एसी ई-कचऱ्याच्या नियमात येतो, नोंदणीकृत संकलकाकडे द्या किंवा नव्या एसीच्या बदल्यात कंपनीला परत करा.

प्रश्न : मी स्वतः एसी मेकॅनिक आहे. आर-४१०ए ची माझ्याकडची हत्यारं आर-३२ ला चालतील का? वेगळं काय घ्यावं? (छत्रपती संभाजीनगर)

या पत्राचा मला सगळ्यात आनंद झाला. गेज चालतील, दाब जवळपास तेच आहेत. व्हॅक्यूम पंप, लीक डिटेक्टर आणि रिकव्हरी मशीन (एसीतला गॅस काढून घेणारं यंत्र) मात्र ज्वलनशील गॅससाठी योग्य असल्याचा शिक्का बघून घ्या, नेहमीच्या स्विचची ठिणगी इथे महागात पडेल. टॉर्क रेंच, म्हणजे नट ठरलेल्या जोरानेच आवळणारा पाना, नसेल तर आधी तो घ्या.

गॅस सोडून नळीतली हवा ढकलायची जुनी सवय कायमची सोडा. आर-३२ आणि आर-४१०ए चं तेल ओलावा झपाट्याने शोषतं, निर्वात केल्याशिवाय कॉम्प्रेसर टिकणार नाही. गळती तपासायला फक्त नायट्रोजन वापरा. ऑक्सिजनने दाब द्यायचा नाही, तेलाशी गाठ पडली की स्फोट होतो. ब्रेझिंग करण्याआधी गॅस पूर्ण काढा, खिडक्या उघडा. आर-३२ ज्योतीत सापडला की हायड्रोजन फ्लोराइड तयार होतो, तो फुप्फुसं जाळतो. आर-३२ एकाच घटकाचा असल्यामुळे कमी पडलेला तेवढा वरून भरता येतो, आर-४१०ए सारखं सिलिंडरमधून द्रवरूपातच घ्यायचं बंधन नाही. अर्थात गळती आधी बुजवून, आणि काट्यावरच. नळी पाच-साडेसात मीटरपेक्षा लांब गेली असेल तर जास्तीच्या दर मीटरला किती ग्रॅम, ते आउटडोर युनिटच्या प्लेटवर किंवा पुस्तिकेत असतं. भरलेला आकडा मार्करने युनिटच्या झाकणाच्या आतल्या बाजूला तारखेसह लिहून ठेवा, पुढच्या कारागिराला उपयोगी पडेल.