त्या लेखाची दुसरी प्रत

प्रश्न : ताई, मी एम.बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. प्रकल्पाचा विषय आहे छोट्या कंपन्यांचं खेळतं भांडवल आणि त्यांचा नफा. चांगला लेख सापडला की सारांश वाचायला मिळतो आणि पुढे पैसे भरा असं येतं. एकेका लेखाचे एवढे पैसे, आणि मला निदान तीस लेख तरी वाचायचे आहेत. पाठ्यपुस्तकंही परवडत नाहीत. मित्र म्हणतात, चोरीच्या साइटवरून उतरवून घे. माझं मन धजत नाही. काय करू?
– एक विद्यार्थिनी

उत्तर : तुझं मन धजत नाही हे चांगलंच आहे. तसं करायची गरजही बहुतेक वेळा पडत नाही.

मी बावीस वर्षं महाविद्यालयाच्या ग्रंथालयात संदर्भ विभाग सांभाळला. तिथे एका विद्यार्थ्याने आपला विषयच बदलला होता, कारण ज्या लेखावर सगळं उभं करायचं तोच पैसे मागत होता. तो मला विचारायला आला नाही आणि मीही त्याला हटकलं नाही. पुढे कधीतरी दुसऱ्याच कामात तो लेख समोर आला. लेखकाने आपल्या विद्यापीठाच्या संग्रहात तो केव्हाच खुला ठेवला होता. त्याची रुखरुख अजून आहे, म्हणून तुला जरा सविस्तर लिहिते.

एका लेखाची तीन रूपं असतात. पहिलं वर्किंग पेपर, म्हणजे नियतकालिकाकडे जाण्याआधीचा खर्डा. दुसरं, परीक्षकांच्या सूचनांनुसार सुधारून स्वीकारली गेलेली लेखकाची प्रत. तिसरं, प्रकाशकाने मांडणी करून, पृष्ठांक घालून छापलेलं रूप. पैसे मागितले जातात ते या तिसऱ्याचे. पहिली दोन रूपं लेखक पुष्कळदा कायदेशीरपणे खुली ठेवतात. दुसऱ्या रूपाला काही प्रकाशक एखाद-दोन वर्षं थांबायला लावतात, एवढंच.

व्यवस्थापन आणि अर्थशास्त्र या विषयांत तर वर्किंग पेपर काढायची जुनी रीत आहे. त्यासाठी एसएसआरएन (SSRN) आणि रेपेक (RePEc) हे दोन ऑनलाइन संग्रह पाठ करून ठेव. एसएसआरएन १९९४ पासून आहे. मायकल जेन्सन आणि विल्यम मेकलिंग यांचा १९७६ चा एजन्सी कॉस्टवरचा, म्हणजे मालक आणि व्यवस्थापक यांचे हितसंबंध वेगळे असल्याने पडणाऱ्या खर्चावरचा लेख तुझ्या वर्गात नक्की शिकवला असेल. तोसुद्धा तिथे फुकट वाचता येतो. रेपेक १९९७ मध्ये सुरू झालं, जगभरच्या स्वयंसेवकांनी उभं केलेलं. त्यात ‘आयडियाज’ या साइटवरून शोधायचं. तिथे वर्किंग पेपर आणि त्याचं छापील रूप यांची सांगड घातलेली सापडते, आणि त्याने फार वेळ वाचतो.

गुगल स्कॉलर तू वापरतच असशील. पण लेखाच्या नावावर क्लिक करून थांबू नकोस. खाली ‘ऑल व्हर्जन्स’ असं लिहिलेलं असतं, ते उघड. उजवीकडे पीडीएफचा दुवा आहे का बघ. ब्राउझरमध्ये ‘अनपेवॉल’ हे एक्स्टेन्शन घालून ठेव. लेखाच्या पानावर गेलीस आणि कुठे वैध खुली प्रत असली की बाजूला हिरवं कुलूप उघडलेलं दिसतं. नियतकालिकच खुलं असेल तर ते डीओएजे (DOAJ) या खुल्या नियतकालिकांच्या यादीत आहे का तपास. पैसे घेऊन काहीही छापणारी नियतकालिकं बरीच झाली आहेत, फुकट मिळालं म्हणून त्यांच्यावर विसंबू नकोस. आणि ‘जर्नल ऑफ इकॉनॉमिक पर्स्पेक्टिव्ज’चे १९८७ पासूनचे सगळे अंक खुले आहेत. सोप्या भाषेत लिहिलेले असतात. विषयात नव्याने शिरणाऱ्याने तिथून सुरुवात करावी असं माझं मत आहे.

शोधताना शब्दांकडे लक्ष दे. नुसतं ‘वर्किंग कॅपिटल मॅनेजमेंट’ टाकून भागणार नाही. तुझ्या विषयावरचं बरंच काम ‘कॅश कन्व्हर्जन सायकल’ आणि ‘ट्रेड क्रेडिट’ (म्हणजे व्यापारातली उधारी) या नावांखाली आहे. माल किती दिवस पडून राहतो, त्यात येणी किती दिवसांनी वसूल होतात ते मिळवायचं आणि देणी किती दिवसांनी चुकती होतात ते वजा करायचं, हा कॅश कन्व्हर्जन सायकलचा हिशेब. शेअर बाजारात नोंदलेल्या कंपन्यांचा, हे आकडे ज्यातून काढता येतात तो वार्षिक अहवाल त्यांच्या साइटवर फुकट मिळतो. एक चांगला लेख हाती लागला की गुगल स्कॉलरच्या ‘सायटेड बाय’वरून त्याचा हवाला देणारे पुढचे लेख आणि त्याच्या संदर्भसूचीवरून मागचे लेख गाठायचे. तीस लेख असेच जमतात.

एवढं करूनही एखादा लेख मिळालाच नाही, तर लेखकाला ईमेल कर. चार ओळी पुरतात : मी कोण, विषय काय, तुमचा अमुक लेख मला अमुक कारणासाठी हवा आहे, प्रत पाठवू शकाल का. आमचे विद्यार्थी हे लिहायला फार संकोचायचे. पण आपला लेख कुणाला तरी वाचायचा आहे याचा लेखकाला आनंदच होतो. आणि त्याआधी स्वतःच्या ग्रंथालयात विचार. घरून लॉगिन करायची सोय असते, दुसऱ्या ग्रंथालयातून मागवताही येतं. विचारलं नाही तर सांगणार कोण?

वर्किंग पेपर वाचलास तर संदर्भ वर्किंग पेपरचाच दे. छापताना आकडे बदलतात, कधी निष्कर्षही बदलतो. न वाचलेल्या रूपाचा हवाला देऊ नकोस.

आता पाठ्यपुस्तकं. राइस विद्यापीठाच्या ‘ओपनस्टॅक्स’वर २०१२ पासून पूर्ण पाठ्यपुस्तकं मोफत मिळतात. व्यवस्थापन, वित्त, विपणन, उद्योजकता, सगळ्यांवर आहेत. हिशेबाचं पुस्तक दोन खंडांत आहे, एक वित्तीय आणि एक व्यवस्थापकीय, आणि सोडवायला गणितं भरपूर. उदाहरणं मात्र अमेरिकी आणि डॉलरमधली, म्हणून कर आणि कंपनी कायदा तिथून शिकू नकोस. मिनेसोटा विद्यापीठाची ‘ओपन टेक्स्टबुक लायब्ररी’ही बघ. तिथे बऱ्याच पुस्तकांवर प्राध्यापकांनी लिहिलेले अभिप्राय असतात. पुस्तक उतरवण्याआधी ते वाच.

प्रश्न : अशा खुल्या पुस्तकातलं एक प्रकरण छापून अभ्यासगटात वाटलं तर चालतं का?
– एक वाचक

उत्तर : चालतं, पण पुस्तकाच्या सुरुवातीला क्रिएटिव्ह कॉमन्सचा, म्हणजे इतरांना पुस्तक कसं वापरता येईल हे सांगणारा, परवाना कोणता आहे ते आधी बघा. ‘बीवाय’ असेल तर मूळ लेखकाचं श्रेय द्यावंच लागतं. सोबत ‘एनसी’ असेल तर त्यावर पैसे कमवायचे नाहीत. ‘एनडी’ असेल तर मजकुरात फेरफार करून वाटायचं नाही. प्रत्येक प्रतीवर पुस्तकाचं नाव, लेखक, परवाना आणि दुवा छापा.