पोहणाऱ्या मिशेल स्मिथवर डोपिंगचा, म्हणजे बंदी असलेली औषधं घेतल्याचा, एवढा संशय असूनही आयर्लंडचे लोक तिच्या बाजूने का उभे राहिले? तुम्ही असता तर काय केलं असतं?

टाळ्या वाजवल्या असत्या. आणि दुसऱ्या दिवशी तिची टेस्ट नीट झाली का तेही विचारलं असतं. दोन्ही एकाच वेळी जमतं, पण लोकांना ते जमवायचं नसतं.

१९९६, अटलांटा ऑलिंपिक. पोहण्यात तिला तीन गोल्ड, एक ब्राँझ. त्याआधी आयर्लंडच्या एकाही बाईने ऑलिंपिक गोल्ड जिंकलेलं नव्हतं, आणि त्या देशात तेव्हा ५० मीटरचा एक तलावसुद्धा नव्हता. अशा ठिकाणची मुलगी गोल्ड घेऊन आली तर लोक रस्त्यावर येणारच. त्यात संशय पहिल्यांदा मोठ्याने बोलली कोण, तर अमेरिकेची जेनेट इव्हान्स, जी स्वतः ४०० फ्रीस्टाइलच्या फायनलला पोचली नाही. मग आयरिश माणूस म्हणणार की हरली म्हणून जळते. मला ते शंभर टक्के समजतं, कारण मी मालवणचा, माझी धाकटी बहीण समुद्रात पोहायला शिकली आणि तिच्यावर पण लोक हेच बोलले. फरक एवढाच की तिच्या बाजूने गाव उभं राहिलं नाही.

सविस्तर सांगतो, कारण हे कधी कुठे लिहिलं नाही.

चिवला बीचवर डिसेंबरात समुद्रातल्या पोहण्याच्या स्पर्धा होतात, तिथे तिचा नंबर यायचा. ते बघून एका सरांनी तिला घाटावर हॉस्टेलला नेलं, ४०० मीटर मेडलेसाठी, म्हणजे एकाच शर्यतीत पोहण्याचे चारही प्रकार. पहिल्या स्पर्धेला मी स्टॉपवॉच घेऊन बसलो होतो, साडेसहा मिनिटांच्या जवळ टाइम लागला. दीड वर्षाने तीच मुलगी पावणेसहाच्या आत आली. पाऊण मिनिट कमी! आता कागदावर कुणालाही हे खटकेल. पण मी काठावर उभा राहून बघितलंय ते काय होतं. समुद्रात भिंत नसते. ४०० मीटरमध्ये सात टर्न, आणि सुरुवातीला ही बाई प्रत्येक टर्नला भिंतीशी येऊन हाताने कठडा पकडायची, श्वास घ्यायची, मान वर करून बाजूच्या लेनमध्ये बघायची आणि मग वळायची. तीन-तीन सेकंद तिथेच जायचे. ब्रेस्टस्ट्रोकला दोन्ही हात एकदम भिंतीला लागावे लागतात, त्यासाठी ती शेवटचे दोन हात मारताना अक्षरशः थांबायची, कारण एकदा एकच हात लागला म्हणून बाद झाली होती. त्या दीड वर्षात सरांनी तिच्याकडून निव्वळ टर्न करून घेतले, सकाळी दोनशे, संध्याकाळी दोनशे. ढोपरं सोलली होती तिची. बाकी वाढलं ते स्टॅमिना आणि जेवण.

२०१६ च्या गणपतीला ती घरी आली. खांदे रुंद झालेले, तोंडावर पुटकुळ्या. रात्री भजन संपलं, ओटीवर सगळे बसलेले, ती उसळपावाचा ट्रे घेऊन आली आणि मुंबईहून आलेले आमचे थोरले काका सगळ्यांसमोर बोलले, "काय गो, थंय इंजेक्शना-बिंजेक्शना देतत की काय तुका? येवढो टाइम असोच कमी जाता?" लोक हसले. ती ट्रे ठेवून आत गेली.

बरं, गंमत म्हणून सोडून दिलं असतं. पण अर्ध्या तासात विषय पैलवान नरसिंग यादववर आला. आठवत असेल, रिओच्या आधी त्याच्या सँपलमध्ये स्टेरॉइड सापडलं, नाडाच्या (देशातली डोपिंग तपासणारी संस्था) पॅनेलने घातपात म्हणून सोडलं, आणि १८ ऑगस्टला क्रीडा लवादाने घातपाताचा पुरावा नाही म्हणून चार वर्षांची बंदी घातली. गणपतीच्या तीन आठवडे आधीची गोष्ट. आणि हेच काका छातीठोक सांगतायत, "नरसिंगाच्या जेवणात कोणीतरी घातल्यानी, माका म्हायत आसा." कारण काय, तर तो जोगेश्वरीचा, यांच्या बाजूचा. म्हणजे ज्याचं सँपल फेल झालं तो निर्दोष, आणि जिची कधी टेस्टच झाली नाही ती सख्ख्या भावाची मुलगी दोषी. मी तेव्हाच बोललो असतो तर बरं झालं असतं. गणपतीत वाद नको म्हणून वडिलांनी हात धरला.

ते वाडीत पसरलं. मग "हिला मूल व्हायचं नाही" इथपर्यंत गेलं, आईला बाजारात बायका विचारायच्या. मी दोन लॅबमध्ये जाऊन विचारून आलो की डोपिंगची टेस्ट करता का, पैसे भरतो. ते म्हणाले हिमोग्लोबिन करू, थायरॉइड करू. जिल्हा-राज्य पातळीवर किती पोरांची टेस्ट होते? हिची एकदाही झाली नाही, म्हणजे चोख असल्याचा कागद दाखवायचा कुठून? २०१७ ला तिने सोडलं.

म्हणून आयर्लंडच्या लोकांना मी नावं ठेवत नाही. पण खरं तेही सांगायला हवं. मिशेलचा ४०० मेडलेचा टाइम चार वर्षांत जवळपास २० सेकंदांनी उतरला तेव्हा ती २६ वर्षांची, दोन ऑलिंपिक आधीच खेळलेली बाई होती, टर्न शिकणारी पोरगी नव्हती. नवरा हाच कोच, आणि तो थाळीफेकीतला, स्वतः डोपिंगची बंदी भोगलेला. १९९८ च्या जानेवारीत घरी घेतलेल्या मिशेलच्या सँपलमध्ये माणूस मरेल एवढं अल्कोहोल निघालं, सँपलशी छेडछाड म्हणून चार वर्षं बंदी, लवादाने ती १९९९ ला कायम ठेवली. पदकं मात्र आजही तिच्याकडे आहेत कारण अटलांटातली एकही टेस्ट पॉझिटिव्ह नव्हती. तेव्हा संशय घेणारे मूर्ख नव्हते. आपल्याकडे पण २०२३ ला दिल्लीच्या राज्य स्पर्धेत नाडावाले आले म्हटल्यावर शंभर मीटरच्या फायनलला एकच मुलगा धावला, बाकीचे पळाले. संशयाला जागा आहेच.

फक्त तो सगळ्यांना सारखा लावा. तुमच्या घरात कुणी खेळत असेल तर जिममधल्या दादाने दिलेला पावडरचा डबा घरात घेऊ नका, कारण शरीरात जे सापडेल त्याची जबाबदारी खेळाडूचीच, नरसिंगचंही तेच झालं. खेळणाऱ्याचे टाइम तारखेसकट वहीत लिहून ठेवा, जमलं तर टर्नचे व्हिडिओ काढा. आणि पाहुण्यांपैकी कुणी भरल्या ओटीवर असं बोललं तर वडिलांनी हात धरला तरी तिथल्या तिथे विचारा, पुरावा काय. मी विचारलं नाही.

काका अजून दरवर्षी येतात. भजन झालं की उसळीचा ट्रे आता मी नेतो.