गोडो या गेम बनवायच्या सॉफ्टवेअरमध्ये मी दहा मिनिटांचा प्लॅटफॉर्मर (उड्या मारत पुढे जायचा गेम) केलाय. तो खेळून सगळे नुसतं ‘मस्त’ म्हणतात. कामाचा फीडबॅक कसा मिळवायचा, आणि दुसऱ्यांच्या गेमवर काय लिहायचं?

‘आवडला का?’ असं विचारलं की ‘मस्त’ हेच ऐकायला मिळतं. तोंडावर वाईट कोण बोलणार? गोडोमध्ये केलेला दहा मिनिटांचा प्लॅटफॉर्मर आहे असं तुम्ही लिहिलंय, म्हणून तेवढ्यापुरतंच सांगतो.

खेळणारा कुठे अडला आणि तेव्हा त्याला काय वाटलं, यावर विश्वास ठेवा. तो सुचवेल त्या उपायावर लगेच ठेवू नका. ‘उडी नीट लागत नाही, जरा उंच करा’ ही नेहमीची तक्रार घ्या. खरं कारण वेगळंच असू शकतं. कड्यावरून पाय सुटल्यावरही साधारण ०.१ सेकंद, म्हणजे सेकंदाला ६० फ्रेम (चित्रं) धरल्या तर ६ फ्रेम, उडी मारू देणारा ‘कोयोटी टाइम’ तुम्ही दिला नसेल. जमिनीला टेकायच्या क्षणभर आधी दाबलेलं बटण वाया जात असेल. स्वस्त कीबोर्डवर तीन बटणं एकदम दाबली की कधी कधी तिसरं नोंदलंच जात नाही. फ्रेंच कीबोर्डवर तर हालचालीसाठी वापरतात त्या डब्ल्यू आणि ए या अक्षरांच्या जागाच वेगळ्या असतात. गोडोच्या इनपुट मॅपमध्ये (कोणतं बटण काय करतं ते ठरवायच्या यादीत) ‘फिजिकल कीकोड’, म्हणजे अक्षराऐवजी बटणाची जागा, निवडला नसेल तर त्या माणसाची बोटं वेडीवाकडी होतात. यातल्या एकाही कारणावर उंच उडी हा इलाज नाही, उलट सगळ्या लेव्हलची अंतरं बिघडतील.

त्यामुळे विचारण्याआधी बघा. डिस्कॉर्ड या गप्पांच्या अॅपवर स्क्रीन शेअर करायला सांगा, मनात येईल ते मोठ्याने बोलायला सांगा आणि स्वतःचा माइक बंद ठेवा. हे शेवटचं सर्वांत अवघड. ‘अरे, वर बघ ना’ असं तोंडातून निघालं की ती चाचणी गेली, कारण गेमसोबत तुम्ही घरोघरी जाणार नाही आहात. तीनेक मिनिटं अडकला तर सांगा, पण वेळ टिपून ठेवा. एका वेळी पाचच जणांना द्या. पहिल्यांदा खेळणारा माणूस एकदाच मिळतो. पन्नास जणांना एकदम लिंक पाठवली तर दुरुस्तीनंतर कोरी नजर उरत नाही. नंतरचे प्रश्न असे हवेत: कुठे सोडून द्यावंसं वाटलं? ते लाल दार कशासाठी आहे असं वाटलं?

समोर बसून बघता येत नसेल तर प्रत्येक मृत्यूची जागा आणि वेळ नोंदवा. गेम ब्राउझरमध्ये चालत असेल तर या नोंदींची फाइल खेळणाऱ्याच्याच ब्राउझरमध्ये राहते, तुमच्याकडे येत नाही. म्हणून शेवटच्या स्क्रीनवर नोंद दाखवून कॉपीचं बटण द्या. ते बिंदू लेव्हलच्या चित्रावर मांडले की एकाच खड्ड्यावर गर्दी दिसते. मेनूच्या कोपऱ्यात आवृत्तीचा आकडा टाका, नाहीतर गेल्या आठवड्यात काढलेल्या बगची तक्रार पुन्हा येईल. आणि पहिल्या क्लिकपर्यंत ब्राउझर आवाज अडवतो, तेव्हा ‘सुरू करा’ बटण ठेवाच. ‘सुरुवातीला आवाज येत नाही’ छापाचे निम्मे शेरे तिथेच मिटतात.

दुसऱ्यांना लिहिताना जागा, तुम्ही काय केलंत, काय होईल असं वाटलं आणि काय झालं, एवढं पुरे. ‘कंट्रोल बेकार’ऐवजी ‘तिसऱ्या लेव्हलच्या दुसऱ्या काट्यांवर सात वेळा मेलो, भिंतीला धरता येईल असं वाटलं होतं, फायरफॉक्स, गेमपॅड नाही’. बग आणि मत वेगळे लिहा. आधी गोड, मग कडू, मग पुन्हा गोड, हा प्रकार मला वेळखाऊ वाटतो. पण जे जमलंय ते नेमकं सांगाच, कारण ते न कळल्यामुळे माणूस पुढच्या आवृत्तीत नेमकं तेच काढून टाकतो. लुडम डेअरसारख्या ४८ किंवा ७२ तासांच्या जॅममधल्या (ठरलेल्या वेळात गेम बनवायच्या उपक्रमातल्या) गेमला सेव्हची सोय मागू नका. तिथे गुण दिसायला साधारण वीस जणांचं रेटिंग लागतं, आणि दुसऱ्यांचे गेम खेळून शेरे लिहिलेत की तुमचा गेम जास्त लोकांपुढे येतो.

कुणी टीका केली की खुलासा लिहायला हात शिवशिवतात. ‘ती किल्ली पहिल्या खोलीत आहे’ हे त्याला सांगून काय उपयोग? पुढच्या खेळणाऱ्याला ती दिसायला हवी. ‘धन्यवाद, कोणत्या खोलीत शोधलीत?’ एवढंच विचारा.